मिस लुएलाचा ओटा

स्थलांतर ही माणसाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी उलथापालथ असते. माझी उलथापालथ एका हिंदी सिनेमाएवढ्या वेळात आटोपली आणि तिच्यातला बराचसा भाग मी झोपेत होतो. मुंबईहून बहरीनला विमानाला तेवढाच वेळ लागतो. तरीही निघायच्या आदल्या संध्याकाळी अकोल्यात आमच्या वस्तीत, बुद्धविहारासमोर, माझा सत्कार झाला. शाल, पुष्पगुच्छ आणि नगरसेवक व्हायची इच्छा असलेल्या एका गृहस्थांचं भाषण. ‘आपल्या वस्तीचा सुपुत्र सातासमुद्रापार चालला आहे,’ असं ते म्हणाले. वाटेत समुद्र एकच लागतो, हे मला माहीत होतं. पण अंगावर शाल असताना माणूस भूगोल काढत नाही.

सकाळी रिक्षा दाराशी आली. आईने बॅगेत तिसऱ्यांदा शेंगदाण्याची चटणी कोंबली. आबा ओट्याच्या खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. ओट्यावर नाही, ओट्याखाली. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे. आबा म्हणजे माझे वडील, एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. गाडी सुटायच्या वेळी सूचना द्यायची सवय त्यांना तिथूनच असावी.

‘तिकडं घर घेशीन तं पह्यले दाराबाहीर बसाले जागा हाय का, थे पाय,’ ते म्हणाले. ‘आतलं मंग पायता येते.’

मी हो म्हणालो. कंपनीने दिलेल्या खोलीत एकावर एक पलंग होते, आणि दाराबाहेर बसायला जिना.

आबांना ओट्याचं एवढं का, हे वस्तीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. वस्तीबाहेरच्यांसाठी सांगतो. आबांच्या गावात मोठ्या घरांना ओटे होते. आमच्या माणसांनी ओट्यासमोर खाली उभं राहून बोलायचं, वर पाय ठेवायचा नाही, असा नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे खोडायचीही सोय नव्हती. पुढे आबा शहरात आले, नोकरी लागली, घरकुल मिळालं. एक खोली आणि स्वयंपाकापुरता कोपरा. लोक पैसे जमले की आधी न्हाणीघर बांधतात. आबांनी आधी ओटा बांधला, आणि असा उंच बांधला की रस्त्यावरून बोलणाऱ्याला मान वर करावीच लागावी.

‘पाहू दे ना वर,’ ते म्हणायचे. ‘आमी लय पाह्यलं.’

वस्तीने त्याचं नाव ठेवलं ‘स्टेज’. निवडणुकीत उमेदवार त्याच्यावरूनच बोलायचे. आबा बरीच वर्षं त्याच्यावर ऐटीत बसले. मग गुडघे गेले. उंची आबांनी स्वतः ठरवलेली असल्यामुळे तक्रार करायला कोणी उरलं नव्हतं. ते खाली खुर्ची टाकून बसू लागले आणि आपल्याच ओट्याकडे मान वर करून पाहू लागले.

बहरीनला आमचं ऑफिस सीफमधल्या एका काचेच्या टॉवरमध्ये आहे. मी ड्राफ्ट्समन म्हणून आलो. आता माझ्या कार्डावर बीआयएम कोऑर्डिनेटर असं लिहिलं आहे. काम तेच आहे, स्क्रीन मोठा झाला. सुरुवातीची वर्षं मी श्रीमंतांचे व्हिला काढले. त्यांना दर्शनी बाजूला रोमन खांब हवे असत. खांब आतून पोकळ असतात, त्यातून पावसाच्या पाण्याचा पाइप जातो, आणि पाऊस इथे पाहुण्यासारखा येतो. दरम्यान सुनीताशी लग्न झालं, ती एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली, आम्ही गुदैबियात फ्लॅट घेतला, भाड्याचा. मुलगी झाली. तिचं नाव प्रज्ञा. तिला मराठी सगळं समजतं आणि ती इंग्रजीत उत्तर देते. आम्ही रागावलो तरी मराठीत रागावतो, म्हणजे तिचं भाषांतर पक्कं झालं आहे. ते पुढे कामी आलं.

मिस लुएला ऑफिसात आली तेव्हा आमचे प्रोजेक्ट मॅनेजर थॉमससाहेब यांनी सगळ्यांना उभं केलं आणि ‘वर्ल्ड फेमस आर्किटेक्ट’ अशी ओळख करून दिली. सत्तरीला टेकलेली, उंच, काळी अमेरिकन बाई. पांढरे केस बारीक कापलेले, पायात पळायचे बूट. ती म्हणाली, ‘फेमस कोणात? मला ओळखणारी माणसं बस चालवतात.’

तिला मॅडम म्हटलेलं चालत नसे. तिच्या गावात वडीलधाऱ्या बाईला नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारतात, लग्न झालेलं असो वा नसो. म्हणून ती मिस लुएला. आणि मी तिला मिस म्हणतो म्हणून ती मला मिस्टर प्रकाश म्हणायची. ऑफिसात मला मिस्टर म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे पहिले काही दिवस मी मागे वळून पाहत असे.

तिच्या कारकिर्दीची हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, साइटवर जाता-येता, गाडीत. जन्म अमेरिकेच्या दक्षिणेकडचा. अरुंद, लांबट घरांची एक गल्ली, आणि प्रत्येक घरापुढे लाकडी पोर्च. आपल्याकडे पोर्च गाडीसाठी असतो, त्यांच्याकडे माणसांसाठी. तिची आई गोऱ्यांच्या घरी साफसफाईला जायची आणि त्या घरांत मागच्या दाराने शिरायची. पुढे अख्खं कुटुंब बिऱ्हाड उचलून उत्तरेकडच्या एका कारखान्यांच्या शहरात गेलं. तिथे सरकारने गरिबांसाठी बांधलेल्या एका उंच इमारतीत घर मिळालं. उद्घाटनाला बँड होता. ती शिकून बाहेर पडली त्या सुमारास तीच इमारत सुरुंग लावून पाडली. बँड नव्हता, पण गर्दी उद्घाटनापेक्षा जास्त होती.

‘त्या धुळीत माझ्या आईचं स्वयंपाकघर होतं, मिस्टर प्रकाश. आणि लोक टाळ्या वाजवत होते.’

इमारत का फसली यावर विद्वानांनी बरंच लिहिलं. मिस लुएलाचं निदान असं होतं, की लिफ्ट बंद पडायची आणि दाराबाहेर बसायला जागा नव्हती. एवढ्यावर पुस्तक होत नाही.

पहिल्या नोकरीत लोक तिला रिसेप्शनिस्ट समजत. ती फोन उचलून ‘आर्किटेक्ट सध्या कामात आहेत’ असं सांगायची आणि परत कामाला लागायची. त्यानंतरचं सगळं आयुष्य तिने स्वस्त घरांत घालवलं. बस ड्रायव्हर, नर्सेस, शाळेच्या स्वयंपाकिणी, अशांची घरं. प्रत्येक घराला ती पोर्च काढायची आणि खर्च कमी करायच्या प्रत्येक बैठकीत सर्वांत आधी पोर्च जायचा. म्हातारपणी तिला बक्षिसं मिळाली. त्या बक्षिसांच्या फोटोंत पोर्च छान दिसतात, कारण ते फोटो ड्रॉइंगचे आहेत.

‘एकही टिकला नाही?’ मी एकदा विचारलं.

‘एकही नाही. लोक मला पोर्चवाली बाई म्हणून ओळखतात आणि मी आयुष्यात एकही पोर्च बांधलेला नाही.’

हे ती अशा सुरात म्हणाली, जसं आपण छत्री घरी राहिली म्हणतो. मग खिडकीबाहेर बघत राहिली. आमची गाडी तेव्हा हमद टाउनच्या गोल चौकांतून फिरत होती. तिथल्या चौकांत नवा माणूस आपण पुढे जातोय की परत येतोय हे सांगू शकत नाही. त्यापलीकडच्या मोकळ्या माळावर आमचं काम होतं: साध्या उत्पन्नाच्या बहरीनी कुटुंबांसाठी बैठ्या घरांची वसाहत. तिचं हे शेवटचं काम. तिच्या मुलीने अमेरिकेला परत बोलावलं होतं, करार संपत आला होता. या खेपेला एक तरी पोर्च कागदावरून जमिनीवर उतरलेला तिला पाहायचा होता. बाकी काही मागणं नव्हतं.

आमच्या ऑफिसात खर्च कापण्याच्या बैठकीला व्हॅल्यू इंजिनिअरिंग म्हणतात. पहिल्याच बैठकीत थॉमससाहेबांनी पोर्चवर लाल गोल काढला. ‘मिस लुएला, छप्पर, खांब, पायऱ्या, एवढा खर्च. आणि ऑगस्टमध्ये बाहेर कोण बसणार? आय विल सिट? यू विल सिट?’

ती पेन्सिल कानामागे खोचून बाहेर आली आणि मला म्हणाली, ‘तोच गोल. चाळीस वर्षांत पेनसुद्धा बदललं नाही या लोकांनी.’

त्या शुक्रवारी सुनीताने तिला जेवायला बोलावलं. वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. ठेच्याला मिस लुएलाने बिचकायला हवं होतं. तिने दुसऱ्यांदा घेतला. सुनीता तिला लुएलाताई म्हणत होती आणि मराठीत आग्रह करत होती, आणि तो आग्रह तिला बरोबर कळत होता. जेवण चाललेलं असतानाच आबांचा नेहमीचा व्हिडिओ कॉल आला. आबा फोन कानाला लावून व्हिडिओवर बोलतात, त्यामुळे आधी थोडा वेळ आम्हाला त्यांचा कान दिसला. मग कोणीतरी फोन नीट धरला आणि आबा दिसले, खुर्चीवर. आणि त्यांच्या डोक्यामागे ओट्याची भिंत.

मिस लुएला पुढे सरकली. ‘त्यांना विचार, स्वतःच्या पोर्चच्या खाली का बसलेत.’

प्रज्ञाने भाषांतर केलं. ‘आबा, मिस विचारते, तुम्ही वर का नाय बसले?’

‘गुडघे,’ आबा म्हणाले. ‘चढता येत नाही आता.’

‘मग एवढा उंच कोणी बांधला?’

‘मीच! दुसरं कोन बांधते? गवंडी नाही मनत होता, म्या म्हटलं, तू बांध.’

‘का पण?’

आबांनी गावातल्या ओट्यांचं सांगितलं, दोन वाक्यांत. तिसरं वाक्य ते कधीच सांगत नाहीत. प्रज्ञाने ते इंग्रजीत केलं. तिने ते याआधी ऐकलं नव्हतं, हे भाषांतराच्या मधोमध माझ्या लक्षात आलं, कारण ती अडखळली आणि शब्दांसाठी माझ्याकडे पाहू लागली. शब्द तिला येत होते.

मिस लुएला हसायला लागली, खांदे हलवून. तिने सांगितलं, की तिच्या अगदी पहिल्या घरांना तिनेही अशाच उंच पायऱ्या दाखवल्या होत्या, कोर्टाला असतात तशा. आई जन्मभर मागच्या दाराने शिरली, म्हणून पुढचं दार उंचावर. नकाशा पाहायला एक म्हातारी भाडेकरू आली आणि म्हणाली, पोरी, माझा बाजार वर कोण नेणार, तू?

‘सांग त्यांना, मीपण तीच चूक केली.’

प्रज्ञाने सांगितलं. आबांनी चष्मा पुसला आणि फोन जवळ धरून तिला नीट पाहिलं.

‘मंग थे माह्यावानीच हाय,’ ते म्हणाले. ‘तिले म्हणा, जेव पोटभर.’

रविवारी, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिस लुएलाने पोर्च स्वतःच्या हाताने खोडला. छप्पर गेलं, खांब गेले, पायऱ्या गेल्या. उरलं ते दाराच्या बाजूला, भिंतीला लागून, गुडघ्याएवढ्या उंचीचं एक जोतं, दोन माणसं ऐसपैस बसतील असं. मी म्हटलं, ‘हा तर ओटा झाला.’ तिने तो शब्द एकदा म्हणून पाहिला आणि पुढच्या सूचनेत वापरला.

सूचना अशी होती, की हा ओटा आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये दाखवायचाच नाही. फाउंडेशनच्या ड्रॉइंगमध्ये दाखवायचा, पायाच्या काँक्रीटचाच भाग म्हणून. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवर सगळे मतं देतात, कारण घर कसं दिसावं याचं मत प्रत्येकाला असतं. पायाच्या ड्रॉइंगवर कोणाला मत नसतं. ही अक्कल तिला इतक्या वर्षांनी का सुचली, असं मी विचारलं. ती म्हणाली, आतापर्यंत तिचे पोर्च लाकडाचे आणि मोठ्या ऐटीचे होते. ते पायात लपण्याजोगे नव्हते. मी ओटा पायात काढला. स्ट्रक्चरलच्या माणसाने सही केली.

क्लायंटच्या बाजूने जासिम नावाचे इंजिनिअर होते. मुहर्रकचे, मितभाषी, चहात साखर चारदा ढवळणारे. शेवटच्या बैठकीत ड्रॉइंग चाळताना त्यांचं बोट पायाच्या कागदावर थांबलं.

‘हे काय आहे?’

थॉमससाहेबांनी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहिलं.

‘बसायची जागा,’ मिस लुएला म्हणाली.

‘आर्किटेक्चरलमध्ये नाहीये.’

‘तिथे असती तर इथवर आली नसती.’

जासिम चहा ढवळत राहिले. ‘माझ्या आजोबांच्या दाराबाहेर होतं असं,’ ते म्हणाले. ‘दगडाचं. गल्लीतले सगळे म्हातारे संध्याकाळी तिथे. आम्हा मुलांना फार त्रास व्हायचा, कोण कुठे जातं ते सगळं त्यांना कळायचं.’ आता ते हळवे होणार असं मला वाटलं. ‘पण बजेटमध्ये नाही. काढून टाका.’

‘काढते,’ ती म्हणाली. ‘पायाचं गणित नव्याने करावं लागेल. मंजुरीही नव्याने.’

‘किती वेळ?’

तिने थॉमससाहेबांकडे पाहिलं, आणि मी पाहिलं की थॉमससाहेबांचा चेहरा उतरला. पायाभरणीचा समारंभ ठरलेला होता. पाहुणे ठरलेले होते, तंबू ठरलेला होता, निमंत्रणं गेली होती. नवी मंजुरी म्हणजे समारंभ पुढे, आणि समारंभ पुढे ढकलावा लागेल असं पाहुण्यांना सांगणारा माणूस त्या खोलीत नव्हता.

जासिमनी कागद उलटला. ‘राहू दे. खलास.’

मी जन्मभर सत्कार, फिती आणि पायाभरण्या यांची टर उडवत आलो. तो ओटा वाचला तो अशाच एका कार्यक्रमामुळे, हे इथे नमूद करतो.

समारंभ व्हायला हवा तसा झाला. एसी लावलेला तंबू, काचेखाली वसाहतीचं मॉडेल, स्वप्नं हा शब्द बऱ्याचदा असलेली फिल्म. मॉडेलमध्ये ओटे नव्हते, मॉडेल जुन्या ड्रॉइंगवरून केलं होतं. मुख्य पाहुणे वयस्क होते. स्टेजला तीन पायऱ्या होत्या आणि त्यांना चढवायला दोन्ही बाजूंनी दोघे लागले. मागच्या रांगेत मिस लुएला माझ्याकडे वाकून म्हणाली, ‘तुझे आबा.’ पायाभरणीचा दगड नंतर हलवावा लागला, तिथून ड्रेनेजची लाइन जायची होती.

घरं उभी राहायच्या आधीच तिचा करार संपला. एअरपोर्टला मी आणि प्रज्ञा सोडायला गेलो होतो. ओटा काँक्रीटमध्ये उतरलेला तिने पाहिला होता. त्यावर माणूस बसलेला पाहायचा राहिला होता. ‘कोणी बसलं तर कळव,’ ती म्हणाली. ‘बसलेला माणूस पाहिजे, मिस्टर प्रकाश. कार्यक्रमासाठी बसवलेला नको.’ प्रज्ञाला तिने मिठी मारली. प्रज्ञा तिला मराठीत ‘या परत’ म्हणाली. आम्हाला ती हे असं सहज कधी म्हणत नाही.

तिकडे अकोल्यात त्या कॉलचा परिणाम झाला होता. आबांनी गवंडी बोलावला. आईला वाटलं, ओटा आता खाली येणार. आबांनी उंचीला हात लावू दिला नाही. उंच ओट्याला खेटून, खाली, गुडघ्याएवढा दुसरा ओटा बांधून घेतला. वस्तीत आता त्यांना स्टेज आणि फर्स्ट क्लास म्हणतात. सुट्टीवर गेलो की मी फर्स्ट क्लासमध्ये आबांशेजारी बसतो. वरच्या ओट्यावर कोणी बसत नाही, पण तो असावा लागतो.

वसाहतीत लोक राहायला आले त्यानंतर मी अधूनमधून शुक्रवारी तिकडे चक्कर मारू लागलो. पहिल्या गल्लीत प्रत्येक ओट्यावर एसीचं आउटडोअर युनिट बसलं होतं. मापात चपखल. दुसऱ्या गल्लीत चपलांचे रॅक, पाण्याचे रिकामे बाटले, एक लहान मुलाची सायकल, एके ठिकाणी प्लास्टिकचं ताडाचं झाड. मिस लुएलाचा मेसेज यायचा: ‘कोणी?’ मी लिहायचो: ‘अजून गरम आहे.’ हिवाळा लागला तरी मी तेच लिहिलं. तिने हवामान पाहिलं असणार.

मग जानेवारीतल्या एका शुक्रवारी, कोपऱ्यावरच्या घराच्या ओट्यावर, एक म्हातारे बहरीनी गृहस्थ बसलेले दिसले. पांढरा पायघोळ थोब, डोक्याला लाल चौकटीचा रुमाल, हातात जपाची माळ, पाठ भिंतीला टेकलेली. मी गाडी थांबवली. सलाम केला. त्यांनी शेजारच्या जागेवर हात थोपटला. ‘तफद्दल.’

मी बसलो. परक्या देशात परक्याच्या दारात मी बसलो होतो आणि मला कोणी ऊठ म्हणत नव्हतं. समोरून जाणाऱ्या एकाने आम्हा दोघांना सलाम केला, मला न ओळखता. काँक्रीट दिवसभराच्या उन्हाने कोमट होतं. घर कुठलं, असं मला इकडचे आणि तिकडचे दोन्हीकडचे विचारतात; अकोल्याचं सांगावं तर तिथे मी सुट्टीपुरता असतो, गुदैबियाचं सांगावं तर ते व्हिसापुरतं आहे. त्या संध्याकाळी मला वाटलं, दार उघडायच्या आधीही जिथे बसायला जागा असते तेवढं पुरे. आतलं आबा म्हणतात तसं मग पाहता येतं.

गृहस्थांना विचारून मी फोटो काढला आणि मिस लुएलाला पाठवला. तिकडे तेव्हा सकाळ असावी. उत्तर लगेच आलं: ‘आरामात आहे ना?’

मी लिहिलं, हो, दुपारपासून बसले आहेत.

ते खरंच दुपारपासून बसले होते. दाराकडे बोट दाखवून त्यांनी हवेत किल्ली फिरवल्यासारखं केलं आणि म्हणाले, ‘मिफ्ताह मफी.’ मुलगा सखीरच्या युनिव्हर्सिटीत नोकरीला होता, सुट्टीच्या दिवशीही ड्यूटीवर गेला होता आणि किल्ली त्याच्या खिशात होती.